गावाचा पोहण्याचा तलाव: आला कुठून, चालतो कशावर, टिकेल कसा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या नगरपालिकेत जलतरण तलावाचा विषय निघाला की सभागृहात आणि चौकात पहिला आक्षेप ठरलेला असतो. जिथे नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते, तिथे पोहण्यासाठी पाणी आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आवेशाने देण्यापेक्षा हिशेबाने दिलेले बरे. हिशेब मांडला की लक्षात येते, तलावाच्या दुखण्यात पाणी हे फार मोठे दुखणे नाही. बांधण्यासाठी निधी मिळतो आणि चालवण्यासाठी मिळत नाही, हे एक मोठे कारण. दुसरे कारण जगभरच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते, ते म्हणजे आत कोणाला येऊ द्यायचे यावरून होणारा वाद. सार्वजनिक तलाव जगतो कसा आणि मरतो कसा, हे समजून घ्यायचे तर ही दोन्ही कारणे नीट पाहावी लागतात.

पाण्याचा हिशेब

ऑलिंपिक मापाचा तलाव ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असतो. खोली २ मीटर धरली तर त्यात २५ लाख लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर. हा आकडा ऐकून कोणीही दचकेल. मात्र नीट चालणारा तलाव दर आठवड्याला रिकामा करून भरत नाहीत. तेच पाणी गाळून आणि शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवले जाते. रोज भर घालावी लागते ती वाफ होऊन उडालेल्या, पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर बाहेर गेलेल्या आणि गाळणी धुताना सोडून दिलेल्या पाण्याची.

यातला मोठा भाग बाष्पीभवनाचा. खानदेशातल्या मे महिन्यात उघड्या पाण्याचा रोज १० मिलिमीटरचा थर उडतो असे धरून चालू. ऑलिंपिक तलावाचा पृष्ठभाग १,२५० चौरस मीटर, म्हणून रोजची तूट साडेबारा हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा निकष लावला तर हे सुमारे ९२ माणसांचे पाणी झाले. आपल्याकडे दुसरे मापही हाताशी आहे. रावेर-यावल भागात पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरी साधारण १,७४० खोडे बसतात, आणि ऐन उन्हाळ्यात ठिबकने प्रत्येक खोडाला रोज २० लिटर दिले तर एकराला जवळपास ३५ हजार लिटर लागतात. म्हणजे ऑलिंपिक तलावातून ऐन मे महिन्यात वाफ होऊन जाणारे पाणी एक एकर केळीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके असते.

शिवाय तालुक्याच्या गावाला ऑलिंपिक तलाव लागतच नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात पावणेचार लाख लिटर पाणी मावते आणि त्याची उन्हाळ्यातली रोजची वाफ तीन हजार लिटरांच्या थोडी वर जाते. दीडशेच्या वर थोड्या केळीच्या खोडांना एवढे पाणी रोज लागते. वर जाळीचे छप्पर घातले, रात्री पाण्यावर आच्छादन पसरले आणि वाऱ्याच्या बाजूला झाडे लावली तर हा आकडा आणखी उतरतो. दुष्काळी वर्षात पिण्याचे पाणी राखून ठेवण्याची वेळ आली तर तलाव बंद ठेवावा लागेल आणि तो ठेवलाच पाहिजे. मात्र दहा वर्षांत एखाद्या वर्षी येणाऱ्या टंचाईचा दाखला देऊन उरलेल्या नऊ वर्षांचा निर्णय करणे बरोबर नाही.

पाणी स्वच्छ ठेवण्याचे रोजचे काम

पोहणाऱ्याच्या अंगावरचा घाम, तेल, त्वचेचे कण आणि बाहेरून उडून आलेली धूळ यांतला बराचसा भाग पाण्याच्या वरच्या थरात राहतो. म्हणून चांगल्या तलावात पाणी काठावरून अलगद ओसंडून कडेच्या पन्हाळीत पडते, तिथून साठवण टाकीत जाते, मग जाळीतून पंपात, पंपातून वाळूच्या गाळणीत आणि क्लोरीन मिसळून पुन्हा तलावात येते. सार्वजनिक तलावात सगळे पाणी एकदा फिरायला साधारण सहा ते आठ तास लागावेत अशी रचना करतात, आणि लहान मुलांच्या उथळ तलावात हा फेरा त्याहून बराच लवकर पूर्ण व्हावा लागतो, कारण थोड्या पाण्यात जास्त मुले असतात. गाळणीत घाण साठली की तिच्यावरच्या दाबमापकाचा काटा चढतो. मग पाणी उलट दिशेने सोडून वाळू धुवावी लागते. हे काम टाळले की पंपावर ताण येतो, विजेचे बिल वाढते आणि पाणी गढूळ होत जाते.

क्लोरीनचे गणित याहून नाजूक आहे. पाण्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे घाणीशी संयोग न होता शिल्लक असलेला क्लोरीन, लिटरला १ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास असावा लागतो. पण नुसता क्लोरीन मोजून भागत नाही, पाण्याचा सामू म्हणजे पीएचही मोजावा लागतो आणि तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा लागतो. सामू साडेसातच्या आसपास असेल तर पाण्यातल्या क्लोरीनपैकी जवळपास अर्धा जंतू मारणाऱ्या रूपात असतो, आणि सामू ८ वर गेला की हा वाटा पावावर येतो. आता खानदेशात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त असते. अशा चढ्या सामूच्या पाण्यात जंतू मरत नाहीत असे दिसले की कामगार आणखी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो. त्या पावडरीने सामू आणखी चढतो, पाण्यात कॅल्शियमची भर पडते, फरशीवर पांढरा थर बसतो आणि जंतू होते तिथेच राहतात. इथे आधी आम्ल घालून सामू खाली आणायला हवा, आणि त्यासाठी दिवसातून अनेकदा पाणी तपासणारा जाणकार माणूस हवा. गावच्या पाणीपुरवठ्यात ओटी टेस्ट म्हणजे क्लोरीनची चाचणी करणारा कर्मचारी असतो तसाच, पण त्याहून थोडा अधिक शिकलेला. कडक उन्हात संरक्षक रसायन नसलेला क्लोरीन तास-दोन तासांत बराचसा निघून जातो, हेही आपल्याकडे विसरून चालत नाही.

तलावाजवळ गेल्यावर डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा गोष्ट उलट असते. क्लोरीनचा घाम आणि लघवीतल्या घटकांशी संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात आणि तो वास व ती चुरचुर त्यांची असते. याचा अर्थ पाण्यात घाण जास्त आहे आणि तिला पुरून उरेल इतका मुक्त क्लोरीन शिल्लक नाही. तलावात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करण्याचा नियम यासाठीच आहे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जुलाब करणारा परजीवी तर नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनमध्येही अनेक दिवस जिवंत राहतो, म्हणून पोट बिघडलेल्या माणसाने तलावात उतरू नये, याला दुसरा उपाय नाही.

सामान्य माणसाला करता येण्याजोगी एक तपासणी सांगून ठेवतो. काठावर उभे राहून सर्वांत खोल जागेचा तळ आणि तिथली निचऱ्याची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तलाव त्या क्षणी बंद व्हायला हवा, कारण जे पाणी जाळी लपवते ते बुडालेले मूलही लपवते. ती जाळी फुटलेली किंवा निघालेली असेल तरी उतरू नये. पंपाचे ओढणे इतके जोरकस असते की एकाच तोंडातून पाणी खेचले जात असेल तर हात, केस किंवा पोट तिथे चिकटून बसू शकते. म्हणूनच निचऱ्याची किमान दोन तोंडे एकमेकांपासून दूर ठेवतात.

आमच्याकडच्या एका बंद तलावाच्या पंपघरात मला भिंतीला अडकवलेली नोंदवही पाहायला मिळाली होती. रकाने व्यवस्थित आखलेले होते: तारीख, वेळ, क्लोरीन, सामू, गाळणी धुतली का, सही. पहिली काही पाने भरलेली होती, पुढच्या पानांवर नुसत्या सह्या होत्या आणि त्यानंतर सह्याही नव्हत्या. बाहेर तलावाच्या फरशांच्या फटींतून बाभळीची रोपे वर आली होती. एखादा तलाव का बंद पडला याचा इतका नेमका अहवाल दुसऱ्या कुठल्या कागदात मिळणार नाही.

तलाव रिकामा ठेवणे हा तर त्याला मारण्याचा खात्रीचा मार्ग. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भरलेल्या तलावातले पाणी आतून दाब देऊन भिंतींना तोलून धरते. तलाव रिकामा असताना बाहेरची फुगलेली माती आणि चढलेले भूजल भिंतींना आत ढकलते, तळाला वर उचलते, आणि काँक्रीटला तडे जातात. उन्हाळ्यात ४५ अंशांवर तापलेल्या कोरड्या फरशा सुटून येतात. दोन हंगाम असे गेले की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या जवळ जातो आणि फाइल नव्या निविदेची वाट पाहत पडून राहते.

इथवर कसे आलो

पाण्यासाठी विटांची मोठी जागा बांधण्याची कल्पना या उपखंडात फार जुनी आहे. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे, आणि पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबरासारख्या नैसर्गिक पदार्थाचा लेप दिलेला आहे. मात्र तिथे विधीपूर्वक स्नान होत असावे, असे अभ्यासक मानतात. जुन्या खानदेश सुभ्याची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपुरात सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणणारी कुंडी भंडारा योजना १६१५ च्या सुमारास उभी राहिली, आणि तिथल्या शाही किल्ल्यातला रंगीत छताचा हमाम आजही पाहता येतो. कुंडी भंडाऱ्याचे पाणी गावासाठी होते, हमाम राजघराण्यासाठी होता. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्याच्या कुंडाला मात्र श्रद्धेमुळे येणाऱ्यांची रीघ असते.

आजच्या अर्थाचा, नगरपालिकेने कराच्या पैशातून बांधलेला तलाव इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतून आला, आणि त्याचे मूळ कारण खेळ नव्हते. १८३२ मध्ये लिव्हरपूलमध्ये कॉलराची साथ आली तेव्हा किटी विल्किन्सन नावाच्या गरीब आयरिश स्त्रीने आपल्या घरातले पाणी तापवायचे भांडे शेजाऱ्यांना कपडे आणि अंथरुणे धुण्यासाठी खुले केले. त्यातून पुढे १८४२ मध्ये शहरात सार्वजनिक स्नान व धुण्याचे घर सुरू झाले, आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने अशी घरे बांधण्याचा अधिकार नगरपालिकांना देणारा कायदा केला. आच्छादित पोहण्याचे तलाव कायद्यात स्पष्टपणे आले ते १८७८ च्या दुरुस्तीने. त्या काळी गाळणी नव्हती, क्लोरीन नव्हता. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, ओतून द्यायचा. त्यामुळे पाणी बदलल्याच्या दिवशी तिकीट महाग आणि पुढच्या दिवसांत पाणी मळत जाईल तसे स्वस्त, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. गरिबाच्या वाट्याला आठवड्याच्या शेवटचे पाणी येई.

१९१० च्या सुमारास तलावाच्या पाण्यात क्लोरीन वापरण्यास सुरुवात झाली आणि चित्र पालटले. पाणी टिकू लागले, तलाव मोठे होऊ लागले. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यती समुद्रात झाल्या होत्या, १९०० मध्ये पॅरिसच्या सीन नदीत झाल्या, आणि १९०८ मध्ये लंडनला प्रथमच बांधलेल्या तलावात झाल्या. १९२६ मध्ये व्हिएन्नाच्या नगरपालिकेने कामगार वस्तीत आमालियनबाद नावाचे भव्य स्नानगृह व तलाव उभारला, तोही राजवाड्याला शोभेल अशा थाटात. महामंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी अमेरिकेच्या संघराज्य सरकारने पैसा दिला आणि १९३६ च्या एका उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात ११ मोठे सार्वजनिक तलाव उघडले.

आत कोण येणार?

अमेरिकेची गोष्ट इथे थांबत नाही, आणि आपल्याला शिकण्यासारखा भाग पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियासारख्या शहरांतल्या नगरपालिकेच्या तलावांत गरीब वस्त्यांतली गोरी व काळी मुले एकत्र पोहत. स्त्रिया आणि पुरुषांचे दिवस मात्र वेगळे असत. १९२० नंतर स्त्री-पुरुष एकाच वेळी पोहू लागले आणि त्याबरोबर काळ्या नागरिकांना बाहेर ठेवण्याचा आग्रह वाढला. १९४९ मध्ये सेंट लुइस शहराने फेअरग्राउंड पार्कचा तलाव सर्वांना खुला करताच तिथे जमावाने काळ्या मुलांवर हल्ले केले. न्यायालयांनी भेदभाव रद्द ठरवल्यावर काही शहरांनी वेगळाच मार्ग काढला. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने सर्वांना प्रवेश देण्याऐवजी आपले तलावच बंद केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव सर्वांसाठीच बंद केले असल्याने समानतेचा भंग होत नाही. ज्यांना परवडत होते त्यांनी खासगी क्लब काढले, अंगणात तलाव बांधले. ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या मुलांना पोहायला शिकायची जागाच उरली नाही, आणि त्याचे परिणाम आजही मोजता येतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या आकडेवारीनुसार १० ते १४ वयोगटातली काळी मुले जलतरण तलावांत बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सात पटींहून अधिक आहे.

हे वाचून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. मुंबईतल्या ब्रीच कँडीचा १८७६ मध्ये युरोपियनांसाठी सुरू झालेला तलाव स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे भारतीयांना बंद होता. आणि महाडचे चवदार तळे तर पोहण्याचे नव्हते, पिण्याचे होते. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे सांगितले, महाड नगरपालिकेने तसा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करून ते पाणी प्यावे लागले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये लागला. कागदावर सार्वजनिक असलेले पाणी प्रत्यक्षात कोणाचे असते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही.

आज प्रवेशद्वारावर जात विचारली जात नाही, पण गाळणी दुसऱ्या रीतीने चालते. मासिक पास, ठरावीक पोशाखाची सक्ती, पोहता येत असल्याचा दाखला, सकाळच्या सोयीच्या वेळा आधीच भरलेल्या. महिलांची बॅच दुपारी, ती का, तर इतर वेळी मागणी जास्त म्हणून. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता उघड्या तलावावर कोणती बाई येणार आहे? मग नोंदवहीत महिलांचा प्रतिसाद कमी लिहिला जातो आणि पुढच्या वर्षी ती बॅचही जाते. अंगभर पोशाखाला परवानगी, महिला जीवरक्षक, कपडे बदलायला दार नीट लागणारी खोली आणि संध्याकाळची वेळ एवढे दिले तर प्रतिसाद वेगळा दिसेल, असे मला वाटते.

नदी गेली, शेततळे आले

खानदेशात पोहायला तलावावर जाऊन शिकण्याची पद्धत नव्हती. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि काका-मामाने विहिरीत सोडायचे. दोन-चार दिवसांत हातपाय चालू लागले की डबा सुटे, आणि मग पोरे विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यावरून सूर आणि मुटके मारत. नदीकाठच्या गावांत डोह ठाऊक असत, कुठे ठाव लागतो आणि कुठे नाही हे म्हातारी माणसे सांगत.

ही शाळा आता मोडली आहे. पुष्कळ विहिरी कोरड्या पडल्या किंवा बोअर आल्यावर पडीक झाल्या. शहरांजवळच्या नदीपात्रांत सांडपाणी उतरले. गिरणेसारख्या नदीत वाळूउपशाने पात्राचा तळ बदलत राहतो. काल गुडघाभर पाणी होते तिथे आज पुरुषभर खड्डा असतो आणि वरून तो दिसत नाही. आणि त्याच काळात बुडण्याची एक नवी जागा तयार झाली, ती म्हणजे शेततळे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, फळबागांना त्याचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण अस्तराच्या प्लास्टिक कागदावर शेवाळ धरले की त्याचा उतार इतका निसरडा होतो की चांगले पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हाताला धरायला काही नसते, पाय टेकवावा तर घसरतो, आणि माणूस काठापासून दोन हातांवर दमून बुडतो. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावर पक्के बांधून पाण्यात सोडणे, जुन्या टायरांची किंवा दोराची शिडी टाकणे आणि भोवती कुंपण करणे, एवढ्याने बरेच जीव वाचतील. त्यासाठी कोणत्याही निविदेची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि भारतात अपघाती मृत्यूंच्या सरकारी नोंदींत वर्षाला ३५ हजारांहून अधिक बळी बुडण्याचे असतात. चित्रपटात दाखवतात तसा बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या वेळात त्याला श्वासच पुरत नाही, हात आपोआप पाण्यावर दाब देत राहतात आणि लहान मूल मिनिटाच्या आत शांतपणे खाली जाते. म्हणून जीवरक्षकाने आपल्या भागातली अडचण १० सेकंदांत ओळखावी आणि पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचावे, असा प्रशिक्षणातला नियम आहे. तिकिटे फाडणारा, पंप चालवणारा आणि जीवरक्षक हा एकच माणूस असेल तर हा नियम पाळणे अशक्य आहे.

पुढे काय

युरोपातली काही शहरे आता नदीकडे परतत आहेत. कोपनहेगनने बंदराचे पाणी सुधारून २००२ मध्ये तिथे पोहण्याची जागा उघडली. पॅरिसच्या सीन नदीत १९२३ पासून पोहण्यास बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने सांडपाण्यावर सुमारे १.४ अब्ज युरो खर्च केल्यावर जुलै २०२५ मध्ये तिथे नागरिकांसाठी तीन ठिकाणे खुली झाली, आणि तीही पाऊस पडून पाणी बिघडले की बंद ठेवावी लागतात. पांझरेच्या किंवा तापीच्या काठी असे काही व्हावे ही इच्छा चांगली आहे, पण आधी गटारांचे पाणी प्रक्रियेशिवाय नदीत जाणे थांबले पाहिजे. क्लोरीनऐवजी पाणवनस्पती आणि खडीच्या थरातून पाणी शुद्ध करणारे तलावही निघाले आहेत. अमेरिकेतल्या मिनियापोलिसने २०१५ मध्ये असा सार्वजनिक तलाव उघडला. मात्र त्यांना जागा जास्त लागते आणि गर्दी सोसत नाही, म्हणून आपल्या गावांना ते लगेच जमेल असे मला वाटत नाही.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण बांगलादेशाचे आहे. तिथे गावातल्याच तळ्यात बांबूचा मचाण आणि कठडा बांधून मुलांना ठराविक खोलीत पोहणे शिकवण्याचा कार्यक्रम राबवला गेला. स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण दिले, आणि शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला २५ मीटर पोहता यावे, अर्धा मिनिट पाण्यावर तरंगता यावे आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला मदत करता यावी, एवढीच कसोटी ठेवली. आइसलँडने १९४० मध्येच शाळेत पोहणे सक्तीचे केले, कारण मच्छीमारांचा देश असूनही तिथल्या अनेकांना पोहता येत नव्हते. दोन्हीकडे तलाव हे साधन आहे आणि मोजायचे ते पोहता येणाऱ्या मुलांची संख्या.

त्या दृष्टीने खानदेशातल्या तलावाची आखणी बदलेल. जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडा संकुलात स्पर्धेचा एक तलाव पुरे. तालुक्याला सव्वा मीटर खोलीचा, वरून छत असलेला लहान तलाव हवा, ज्यात सकाळच्या सत्रात शाळांच्या पाचवी-सहावीच्या मुलामुलींना आळीपाळीने आणता येईल. आपल्या उन्हात छताला सौर पॅनेल बसवली तर सावली मिळते, बाष्पीभवन घटते आणि दिवसा चालणाऱ्या पंपाचा बराचसा वीजखर्च निघतो. उष्णतेच्या लाटेत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी संध्याकाळी सात ते दहा असा तलाव नाममात्र दरात उघडा ठेवता येईल. सावलीत ठेवलेले पाणी हवेपेक्षा बरेच थंड असते.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. पोहण्याच्या तिकिटातून तलावाचा सगळा खर्च निघावा अशी अपेक्षा जगात फारशी कुठे पूर्ण झालेली नाही, आणि ती धरली की दर वाढतात, गरीब गळतात आणि शेवटी जागा लग्नाच्या लॉनला किंवा खासगी क्लबला दिली जाते. ग्रंथालयाचा किंवा बागेचा हिशेब आपण तिकिटावर करत नाही. आपल्याच पांझरेकाठी शतकानुशतके चाललेल्या फड पद्धतीत बंधारा बांधून लोक मोकळे झाले नाहीत. पाटाचे पाणी वाटणारा आणि पाट राखणारा माणूस नेमला, त्याचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून दिला आणि दरवर्षी गाळ काढण्याचे काम ठरवून केले. तलावाच्या निविदेतही बांधकामाच्या रकमेबरोबर दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद, दोन प्रशिक्षित जीवरक्षक, एक पंपचालक आणि रोजच्या पाणीतपासणीचे आकडे दारावरच्या फळ्यावर लिहिण्याची अट असली पाहिजे. ज्या ठरावात हे नसेल, त्याला नगरसेवकांनी पाण्याच्या टंचाईचे कारण न देता याच कारणाने विरोध करावा.